फोन बदलला की दर वेळी अडतं ते इथेच: अँड्रॉइड ते आयफोन आणि परत

गेल्या दहा-अकरा वर्षांत मी अँड्रॉइडवरून आयफोनवर आणि आयफोनवरून परत अँड्रॉइडवर अशी पाच वेळा ये-जा केली आहे. नव्या फोनची मला मनापासून आवड आहे. दोन्हीकडचं काय चांगलं आहे ते स्वतः वापरून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे घरात, सोसायटीत, ऑफिसात कुणी फोन बदलला की पहिला कॉल मला येतो. तक्रारी ठरलेल्या असतात. व्हॉट्सॲप रिकामं आलंय. निम्मे नंबर गायब आहेत. ओटीपी येत नाही. पैसे पाठवता येत नाहीत. फोनची कंपनी बदलते, मॉडेल बदलतं, या चार तक्रारी मात्र त्याच.

कारणही बहुतेक वेळा एकच निघतं: कामं उलट्या क्रमाने झालेली असतात. नवा फोन घाईघाईने पूर्ण चालू केला जातो, सिम लगेच त्यात जातं, एक्सचेंजमध्ये दिलेला जुना फोन डिलिव्हरीवाला दारातूनच घेऊन जातो, आणि मग डेटाची आठवण होते. पण सगळ्या दुरुस्तीची किल्ली जुन्या फोनातच असते. तो हातात आहे तोवर जवळजवळ सगळं परत मिळवता येतं. म्हणून पुढचं काही वाचण्याआधी एवढं करा: जुना फोन निदान पंधरा दिवस विकू नका, रिसेट मारू नका, त्यातलं व्हॉट्सॲप काढू नका. एक्सचेंजचे चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

व्हॉट्सॲप रिकामं का येतं

माझी मावशी नाशिकला असते. मागच्या दिवाळीत तिची मुलगी न्यू जर्सीहून आली ती आईसाठी आयफोन घेऊनच. जवळच्या दुकानातल्या मुलाने तासाभरात फोन चालू करून दिला. संध्याकाळी मावशीचा मला फोन: "अरे, तुझ्या काकांचे सगळे मेसेज गेले."

काका तीन वर्षांपूर्वी गेले. भाजी आणायला गेले की ते टाइप करत बसत नसत, बोलूनच विचारत: "मेथी ताजी दिसतेय, दोन जुड्या घेऊ का?" पाच-सहा सेकंदांचे असे शेकडो व्हॉइस मेसेज त्या चॅटमध्ये होते. बॅकअप तर गूगलवर आहे, मग येत का नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

येत नाही, कारण अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप आपला बॅकअप गूगल खात्यात ठेवतं आणि आयफोनवरचं आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात. एकाचा बॅकअप दुसऱ्याला उघडता येत नाही. आयफोनवर गूगल खातं जोडलं, ड्राइव्हचं ॲप टाकलं, ड्राइव्हच्या यादीत बॅकअप दिसला, तरीही नाही. चॅट जायची अधिकृत वाट एकच: जुन्या फोनमधून थेट नव्या फोनमध्ये. आयफोनवरून अँड्रॉइडकडे जायची सोय २०२१ मध्ये सुरू झाली, अँड्रॉइडवरून आयफोनकडे यायची २०२२ मध्ये. आणि आयफोनकडे येताना ही वाट नवा फोन पहिल्यांदा चालू करताना उघडते. सेटअपमध्ये मध्येच 'अँड्रॉइडवरून डेटा आणा' असा पर्याय येतो. तिथे घाईने पुढे गेलं की संपलं, नंतर सेटिंग्जमध्ये शोधून तो पर्याय सापडत नाही. दुकानातल्या मुलाने नेमकं हेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला गेलो. मावशीचा जुना फोन सुदैवाने टीव्हीच्या कपाटात होता. काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण अशीच वेळ आलेल्या कुणालाही हेच करावं लागेल.

आधी जुना फोन वाय-फायवर घेऊन त्यातलं व्हॉट्सॲप उघडलं. नव्या फोनवर तोच नंबर चालू झाल्यामुळे जुन्यावरून ते बाहेर पडलं होतं, पण चॅट तिथून पुसली जात नाहीत. तोच नंबर पुन्हा टाकून पडताळणी केली. सहा आकडी कोड त्या वेळी सिम ज्या फोनात असेल त्यावर येतो, तो बघून जुन्या फोनात टाकायचा. कोड आला नाही तर पुन्हा पुन्हा मागू नका, दर खेपेला थांबायची वेळ वाढत जाते. कॉलवर कोड ऐकायचा पर्याय निवडा. पडताळणी झाली आणि काकांचं चॅट जसंच्या तसं उघडलं. मावशीने लगेच एक मेसेज लावून बघितला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मग आयफोन रिसेट. इथे एक धोक्याची जागा आहे. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नसतो, त्यामुळे मावशीचं सिम आदल्या दिवशीच ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनातच भरलेलं सिम, करून झालं होतं. रिसेट मारताना फोन विचारतो की ई-सिम ठेवायचं की तेही पुसायचं. 'ठेवा'च निवडायचं. चुकून पुसलं गेलं तर पुन्हा सिमच्या कंपनीच्या दुकानाची पायरी आणि नंबर तेवढा वेळ बंद.

रिसेट झाल्यावर जुन्या अँड्रॉइडवर 'मूव्ह टू आयओएस' हे ॲपलचं ॲप टाकलं. आयफोनच्या सेटअपमध्ये अँड्रॉइडवरून डेटा आणायचा पर्याय निवडला, आयफोनने दाखवलेला कोड जुन्या फोनात टाकला आणि काय न्यायचं त्या यादीत व्हॉट्सॲपवर खूण केली. ही खूण स्वतः करावी लागते आणि त्यानंतर व्हॉट्सॲप उघडून 'स्टार्ट' दाबावं लागतं, तेव्हा ते आपला डेटा बांधायला घेतं. सगळं आयफोनवर पोचलं की तिथे व्हॉट्सॲप टाकायचं आणि त्याच नंबराने आत शिरायचं. नंबर बदलायचा असेल तर तो नंतर, आता नाही. कॉलची जुनी यादी येत नाही. चॅट, फोटो, व्हॉइस मेसेज येतात. मधल्या एका दिवसात नव्या फोनवर आलेले मेसेज मात्र रिसेटमध्ये जातात. महत्त्वाचे असतील तर आधी स्क्रीनशॉट काढून जुन्या फोनवर किंवा ईमेलवर पाठवून ठेवा.

मध्येच अडकतं तेव्हा

"एक मिनिट शिल्लक" असं दाखवून हे अर्धा-पाऊण तास तसंच उभं राहतं. लोक वैतागून बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. अँड्रॉइडवर 'झालं' असं दिसलं तरी आयफोनवरची पट्टी भरेपर्यंत हात लावायचा नाही. दोन्ही फोन चार्जरला लावून शेजारी शेजारी ठेवा. अँड्रॉइडवर 'मूव्ह टू आयओएस' समोर उघडंच राहिलं पाहिजे. दुसरं ॲप उघडलं किंवा कॉल आला तरी डेटा जायचा थांबतो. म्हणून डू नॉट डिस्टर्ब लावा, स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवा, मोबाइल डेटा बंद करा. ज्या फोनात वाय-फाय कमजोर वाटलं की आपोआप मोबाइल डेटावर उडी मारायची सोय असते, ती आधी बंद करा. माझ्या अनुभवात अडकायचं सगळ्यात मोठं कारण हीच सोय आहे. या कामासाठी आयफोन स्वतःचं तात्पुरतं वाय-फाय तयार करतो, त्यात इंटरनेट नसतं, आणि अँड्रॉइड बिचारा समजतो की नेटवर्क खराब आहे.

आयफोनवर जागा आहे का हेही आधी बघा. जुन्या फोनात व्हॉट्सॲपच ४०-५० जीबीचं झालेलं असतं, त्यातले निम्मे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज विभागात जाऊन मोठ्या फायली आधी उडवल्या तर काम निम्म्या वेळात होतं.

उलट दिशेला, म्हणजे आयफोनवरून अँड्रॉइडकडे जाताना, काम मला जास्त सुटसुटीत वाटतं, कारण ते केबलने होतं. आयफोन १५ पासून दोन्हीकडे यूएसबी-सी आहे. त्याआधीच्या आयफोनला लायटनिंग ते यूएसबी-सी केबल लागेल. अँड्रॉइड नवा किंवा रिसेट केलेला असावा. सेटअपमध्ये येणारा क्यूआर कोड आयफोनच्या कॅमेऱ्याने टिपला की व्हॉट्सॲप स्वतःच पुढचं विचारतं. केबल चार्जिंगपुरतीच चालणारी स्वस्तातली असेल तर फोन एकमेकांना दिसणारच नाहीत. त्यामुळे फोनसोबत आलेली किंवा चांगली डेटा केबल घ्या.

व्हॉट्सॲपच्या दोन पायऱ्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन आठवतोय ना, हे फोन बदलायच्या आधी तपासा. पिन विसरलात आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. आणि "कुठलंही चॅट कुठेही नेऊन देतो" म्हणणारी पैसे घेणारी सॉफ्टवेअर मी वापरत नाही, कुणाला सुचवतही नाही. सगळ्या घराचं बोलणं अनोळखी प्रोग्रामच्या हातात द्यायचं नाही, असं माझं ठाम मत आहे.

नंबर निम्मेच आले, आणि मराठी नावांची वाट लागली

मराठीत नावं सेव्ह करणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो आणि याबद्दल नीट कुणी सांगत नाही, म्हणून जरा खोलात जातो.

एकदा मी जुन्या अँड्रॉइडमधून सगळे नंबर एका फाइलमध्ये काढले, ज्याला व्हीकार्ड म्हणतात, आणि ती फाइल दुसरीकडे आत घेतली. 'आई' नीट आलं, 'बाबा' नीट आलं. 'सुलभा मावशी'चं मात्र पहिलं नाव आलं आणि पुढे बरोबरच्या खुणा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची रांग. काही नावं तर तिथेच तुटली आणि त्यांचे नंबरही गायब. तासभर ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून ओळ न् ओळ वाचली, तेव्हा कोडं सुटलं.

त्या फोनने फाइल व्हीकार्डच्या २.१ या जुन्या पद्धतीने लिहिली होती. त्या पद्धतीत देवनागरी अक्षर सरळ लिहिलं जात नाही. एका अक्षराचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा तीन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका 'आ'ला नऊ चिन्हं. काना, वेलांटी, उकार हेही वेगळे मोजले जातात. 'आई' अठरा चिन्हांत मावते. 'सुलभा'लाच पंचेचाळीस लागतात, 'मावशी'ला आणखी पंचेचाळीस. आणि अशा मजकुराची ओळ ७६ चिन्हांपेक्षा लांब असू नये असा जुना नियम आहे, त्यामुळे लांब नाव मध्येच तोडून खालच्या ओळीवर जातं. फाइल वाचणाऱ्या ॲपने त्या दोन ओळी पुन्हा जोडल्या नाहीत की नावाचा उत्तरार्ध गेला. इंग्रजीत नावं ठेवणाऱ्यांना हा अनुभव येत नाही, कारण तिथे एका अक्षराला एकच चिन्ह लागतं.

उपाय सोपा आहे: फाइलच्या भानगडीत पडू नका. अँड्रॉइडवर गूगलचं कॉन्टॅक्ट्स ॲप उघडा आणि कुठला नंबर कुठे सेव्ह आहे ते बघा. काही गूगल खात्यात असतात, काही नुसते 'फोन'मध्ये, काही सिमवर. निम्मे नंबर गायब होतात ते हे 'फोन' आणि 'सिम'वाले. ते सगळे गूगल खात्यात हलवा आणि एकूण आकडा कागदावर लिहून ठेवा. मग आयफोनच्या सेटिंग्जमध्ये तेच गूगल खातं जोडून कॉन्टॅक्ट्सचं बटण चालू करा. थोड्या वेळाने आकडा पडताळा. एक गोष्ट विसरू नका: आयफोनवर नवे नंबर आपोआप आयक्लाउडमध्ये जाऊ लागतात. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट खातं गूगल करा, नाहीतर पुढच्या बदलाला परत तोच घोळ.

आयफोनवरून निघताना आयक्लाउडच्या वेबसाइटवरून फाइल काढली तर ती व्हीकार्डच्या नव्या पद्धतीत येते, मराठी नावं शाबूत राहतात, आणि ती गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये सरळ चढते. आणि घोळ होऊन गेलाच असेल तर संगणकावर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडा. तिथे 'अन्डू चेंजेस' आहे. तीस दिवसांपर्यंत मागच्या कुठल्याही वेळेची यादी जशी होती तशी परत आणता येते. सुलभा मावशी मी अशीच परत आणली.

ओटीपी येत नाही

नवा फोन घेतल्याच्या आनंदात लोक त्याच दिवशी सिमचं ई-सिम करून घेतात. आपल्याकडे सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी त्या नंबरावरचे एसएमएस २४ तास बंद ठेवले जातात. येणारेही आणि जाणारेही. फोन लागतो, इंटरनेट चालतं, पण बँकेचा ओटीपी येत नाही, आणि माणूस फोनला दोष देत बसतो. शक्य असेल तर फोन बदलायच्या दोन दिवस आधी ई-सिम करा, किंवा सगळी ॲप चालू झाल्यावर आठवड्याने. सिम तेच ठेवून फक्त फोन बदलला तर हा प्रश्न येत नाही.

यूपीआय चालू होत नाही

यूपीआयचं ॲप नव्या फोनवर चालू करताना फोन स्वतः एक एसएमएस पाठवतो आणि त्यावरून बँकेला खात्री पटते की नंबर याच फोनात आहे. अँड्रॉइडवर हा एसएमएस न दिसता जातो. आयफोनवर ॲपला तसं करता येत नाही, त्यामुळे मेसेजचा पडदा उघडतो, त्यात अगम्य अक्षरांची ओळ लिहिलेली असते आणि 'पाठवा' आपल्याला दाबावं लागतं. कितीतरी लोक ती ओळ बघून घाबरतात आणि खोडून टाकतात. त्या ओळीला हात न लावता फक्त पाठवा. दोन सिम असतील तर बँकेत दिलेल्या नंबराचंच सिम निवडलंय का ते बघा. प्रीपेडवर थोडा मुख्य बॅलन्स ठेवा, एसएमएस न गेल्यानेच बहुतेक वेळा गाडी अडते.

चालू झाल्यावरही लगेच मोठी रक्कम जात नाही. नव्या फोनवर पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते, आणि आयफोनवर अनेक बँका ती ७२ तास ठेवतात. घरभाडं, फी, दवाखान्याचं बिल असं काही समोर असेल तर त्या आठवड्यात फोन बदलू नका. जुन्या फोनवरचं यूपीआयही, सिम तिथून काढलं की, चालेलच असं धरू नका.

आयमेसेज: येताना आणि जाताना

आयफोनवर येताना आयमेसेज, म्हणजे आयफोन ते आयफोन मेसेज पाठवायची ॲपलची सेवा, 'वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन'वर अडकतं. त्यासाठी एक एसएमएस परदेशी नंबरावर जातो. तो अनलिमिटेड पॅकमध्ये धरला जात नाही, मुख्य बॅलन्समधून पैसे जातात. दहा-वीस रुपयांचा टॉप-अप मारा, आयमेसेज बंद करून परत चालू करा, आणि चोवीस तास वाट बघा.

आयफोन सोडताना याच्या उलट. सिम काढण्याआधी आयफोनवर आयमेसेज आणि फेसटाइम (ॲपलची व्हिडिओ कॉलची सोय) बंद करा. नाही केलं तर ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी पाठवलेले साधे मेसेज तुमच्या अँड्रॉइडवर न येता ॲपलच्याच वाटेने जात राहतात, आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. परदेशातले नातेवाईक आयफोनवरून मेसेज करत असतील तर हे फार जाणवतं. आयफोन आधीच दिला असेल तरी हरकत नाही. ॲपलच्या वेबसाइटवर नंबर आयमेसेजमधून काढायचं पान आहे. नंबर टाका, एसएमएसवर सहा आकडी कोड येतो, तो भरा, झालं.

राहिलेलं थोडक्यात. खात्यांत शिरताना लागणारे कोड देणाऱ्या गूगल ऑथेंटिकेटर या ॲपमधले कोड गूगल खात्याशी सिंक करता येतात किंवा क्यूआर कोडने नेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटरचा बॅकअप मात्र आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यामध्ये जात नाही, प्रत्येक खातं हाताने पुन्हा जोडावं लागतं, तेही जुना फोन चालू असताना. ॲपल वॉच अँड्रॉइडला जोडता येत नाही, सॅमसंगची गॅलेक्सी वॉच ४ आणि पुढची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. हौसेने घड्याळ घेतलेल्यांनी हा खर्च आधीच धरावा. ॲपलच्या ॲप स्टोअरमधून चालू केलेली वर्गणी अँड्रॉइडवर गेल्याने आपोआप थांबत नाही, ती आयफोनमधूनच बंद करा.

पंधरा दिवस झाले, व्हॉट्सॲपमधलं सगळ्यात जुनं चॅट नव्या फोनवर उघडून बघितलं, नंबरांचा आकडा जुळला, दोन-तीन मोठे व्यवहार सुरळीत गेले, की जुना फोन मोकळा करायचा. आयफोन असेल तर आधी 'फाइंड माय' ही हरवलेला फोन शोधायची सोय बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा. अँड्रॉइड असेल तर गूगल खातं फोनमधून काढा. रिसेट त्यानंतर. खातं तसंच ठेवून रिसेट मारलेला फोन पुढच्या माणसाकडे गेल्यावर तुमचाच पासवर्ड मागत बसतो. रिसेट झाल्यावर एकदा चालू करून बघा. भाषा निवडायचा पडदा येऊन पुढे कुणाच्याही खात्याची विचारणा झाली नाही, की खुशाल विका.